पाच वर्षांचं घड्याळ: चेक आणि मंगोल स्थलांतरितांची तुलना कशी करावी

अमेरिकेतल्या मंगोल लोकांविषयी एक आकडा वारंवार समोर येतो. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेनं २०१९ ची आकडेवारी मांडली, तेव्हा तिथल्या आशियाई समाजांमध्ये सर्वांत जास्त गरिबी मंगोल समाजात दिसली. दर चार माणसांमागे एक जण दारिद्र्यरेषेखाली. त्याच वर्षी अख्ख्या अमेरिकेचं प्रमाण १३ टक्के होतं आणि सगळे आशियाई एकत्र धरले तर १० टक्के. आता दुसरी ओळ बघा. आपलं मूळ चेक असल्याचं सांगणारी अमेरिकन कुटुंबं कमाईत देशाच्या सरासरीच्या पुढे आहेत. दोन्ही ओळी खऱ्या आहेत. पण त्या एकाखाली एक लिहिल्या की वाचणाऱ्याच्या मनात आपोआप तिसरी ओळ उमटते: चेक लोकांना जमलं, मंगोलांना नाही जमलं.

ही तिसरी ओळ खोटी आहे. आणि ती का खोटी आहे हे नीट उलगडून सांगावं असं मला फार दिवस वाटत होतं, कारण परक्या मुलखात गेलेल्या माणसांबद्दलचे निम्मे गैरसमज अशाच न लिहिलेल्या तिसऱ्या ओळीतून जन्माला येतात.

आधी हिशोबातली गफलत. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या पाहण्यांत दोन वेगळे प्रश्न असतात. एक, तुमचा जन्म कुठे झाला? दुसरा, तुमचं मूळ कुठलं? २००० च्या जनगणनेत साडेबारा लाखांहून अधिक लोकांनी आपलं मूळ चेक असल्याचं सांगितलं. यातले बहुतेक अमेरिकेतच जन्मलेले, त्यांचे आईवडीलही तिथलेच. आजोबांचे आजोबा कधीतरी बोटीतून उतरले होते. याउलट अमेरिकेतले मंगोल २०१९ मध्ये सुमारे २७ हजार, आणि त्यातले बरेच जण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत स्वतः विमानातून उतरलेले. म्हणजे एका घरच्या खापरपणतूचा पगार आणि दुसऱ्या घरच्या पणजोबांची पहिली मजुरी एकाच तक्त्यात शेजारी बसवलेली आहे.

त्यात आणखी एक गोम. दारिद्र्यरेषा मोजताना घरात येणारा पैसा आणि घरातली माणसं बघतात. भाड्याच्या खोलीत राहून शिकणारा विद्यार्थी, ज्याला काम करायची परवानगीच तुटपुंजी, तो या हिशोबात गरीब ठरतो. ज्या समाजात असे तरुण विद्यार्थी जास्त, त्याचं प्रमाण फुगतं. सगळी गरिबी अशी कागदी आहे असं मी म्हणत नाही. पण आकडा वाचताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

तुलना करायचीच तर मग पणजोबांची पणजोबांशी करू.

विड्या नव्हे, सिगार

चेक लोक मोठ्या संख्येनं अमेरिकेला जाऊ लागले ते १८४८ नंतर. तेव्हा चेक नावाचा देश नव्हता. बोहेमिया आणि मोराव्हिया हे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातले प्रांत होते. गावात जमिनीचे तुकडे होत चाललेले, सैन्यात सक्तीची भरती, वर जर्मन भाषेचा अंमल. अशात पत्र येतं. टेक्सासमध्ये जाऊन राहिलेले योसेफ बेर्गमान नावाचे पाद्री होते. तिथल्या जमिनीचं वर्णन करणारी त्यांची पत्रं मोराव्हियात छापली गेली आणि हातोहात फिरली. १८५१ मध्ये त्या भरवशावर एक जथा निघाला. तो लिव्हरपूलमार्गे टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदराला पोचेपर्यंत त्यातली जवळजवळ निम्मी माणसं आजारानं आणि उपासमारीनं गेली. तरी दोन वर्षांत दुसरा जथा निघालाच.

शेतीकडे गेलेले एकीकडे, शहरात अडकलेले दुसरीकडे. न्यूयॉर्कमधल्या चेक सिगार कामगारांची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रियात तंबाखूचा धंदा सरकारी मक्तेदारीचा. कुत्ना होरा शहरालगत सेडलेत्सला मोठा सरकारी कारखाना होता आणि तिथं सिगार वळायला बायका असत. १८६० आणि ७० च्या दशकांत यातल्या कितीतरी बायका आधी एकट्या न्यूयॉर्कला आल्या. कसब बोटांत होतं, भाषा यायची गरज नव्हती. चार पैसे साठवून मग त्यांनी नवऱ्यांना आणि मुलांना तिकिटं धाडली. नवरे आले ते शेतमजूर किंवा सुतार-लोहार. इथं येऊन बायकोच्या हाताखाली पान सोलायला बसले.

काम घरीच चाले. सोलापूरला किंवा सिन्नरला जसं पान-तंबाखू तोलून घरी आणायचं आणि वळलेल्या विड्या मोजून परत द्यायच्या, तसंच. फरक एकच, आणि तो जीवघेणा: ती खोली ज्या इमारतीत, ती इमारत बहुधा कारखानदाराचीच. तोच काम देणार, तोच घरमालक. भाडं मजुरीतून वळतं. निजायच्या खोलीत तंबाखूचे ढीग, पोरंसुद्धा पानाच्या शिरा काढताहेत, पहाटेपासून दिवा लागून रात्र होईपर्यंत. १८७७ च्या शरद ऋतूत या कामगारांनी संप केला, तेव्हा मालकांनी सरळ बिऱ्हाडं रस्त्यावर काढली. नोकरी गेली त्याच दिवशी छप्परही गेलं. ही बाब लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

शिकागोत लाकडाच्या वखारी होत्या. तिथं काम करणाऱ्या चेक मजुरांनी वसवलेल्या भागाला त्यांनी आपल्या प्लझेन शहराचं नाव दिलं: पिल्सेन. १८७७ च्या जुलैत रेल्वे संपाच्या दिवसांत तिथंच हॉलस्टेड स्ट्रीटच्या पुलाजवळ पोलिस आणि कामगारांची रक्तरंजित झटापट झाली. वर्तमानपत्रं तेव्हा या लोकांबद्दल जे लिहीत, ते आजही कुठल्याही नव्या स्थलांतरितांबद्दल लिहिलं जातं: गलिच्छ, भांडखोर, आपल्यात मिसळत नाहीत, कमी मजुरीत राबून आपली रोजी हिरावतात. ‘बोहंक’ ही शिवी बोहेमियन या शब्दावरून आली आहे. आज ज्यांना अमेरिकेत सरसकट ‘गोरे’ म्हणतात त्यांच्या पणजोबांना ती खावी लागली.

पतपेढी, तालीम आणि स्मशान

मग हे लोक वर कसे आले? मेहनत होतीच, पण मेहनत कोण करत नाही? मला तीन गोष्टी निर्णायक वाटतात.

पहिली म्हणजे अक्षरओळख. ऑस्ट्रियात १७७४ पासून शाळा सक्तीची होती, त्यामुळे त्या काळच्या इतर अनेक स्थलांतरितांच्या मानानं चेक मजूर जवळपास सगळे लिहिता-वाचता येणारे होते. शिकागोत १८७५ मध्ये ‘स्वोर्नोस्त’ हे चेक दैनिक निघालं. ओमाहातून १८९१ पासून ‘होस्पोदार्झ’ नावाचं शेतीचं नियतकालिक निघू लागलं. कोरड्या माळरानावर पेरणी कधी करायची, गुरांना कुठला रोग झाला तर काय करायचं, हे शेतकऱ्याला स्वतःच्या भाषेत वाचायला मिळू लागलं.

दुसरी गोष्ट, एकमेकांना धरून राहण्याच्या संस्था. सेंट लुईसमध्ये १८५४ सालीच चेक लोकांचं परस्पर साहाय्य मंडळ निघालं. दरमहा थोडी वर्गणी भरायची. सभासद आजारी पडला तर मदत, मेला तर विधवेच्या हाती ठरलेली रक्कम. विमा कंपन्या या मजुरांना दारात उभं करत नव्हत्या, म्हणून त्यांनी आपला विमा आपणच उभा केला. पाठोपाठ घरबांधणीच्या पतपेढ्या आल्या. आपल्याकडे भिशीत किंवा गावच्या पतसंस्थेत जसा ओळखीवर व्यवहार चालतो, तसा तिथं चाले: कर्ज मागणाऱ्याला समिती नावानिशी ओळखायची. पुढे शिकागोच्या पश्चिमेला सिसेरो आणि बर्विनमध्ये अशा पतपेढ्यांची रांगच लागली. १८६५ मध्ये सेंट लुईसला ‘सोकोल’ची पहिली अमेरिकन शाखा निघाली, प्रागमध्ये तीनच वर्षांपूर्वी सुरू झालेली ही व्यायामशाळांची चळवळ. तालीम, नाटक, नाच, सभा, लग्न जुळवणं, सगळं एकाच दिवाणखान्यात.

अगदी स्मशानसुद्धा त्यांनी स्वतःचं केलं. एका चेक बाईला कॅथलिक दफनभूमीत जागा द्यायला धर्मगुरूनं नकार दिला, तेव्हा चिडलेल्या शिकागोकरांनी १८७७ मध्ये स्वतःची ‘बोहेमियन नॅशनल सेमेटरी’ उघडली. १९१५ च्या २४ जुलैला ‘ईस्टलँड’ ही सहलीची बोट शिकागो नदीत धक्क्यालाच कलंडली आणि ८४४ माणसं गेली. बहुतेक वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यातले कामगार आणि त्यांची बायकामुलं. चेक घरं त्यात फार होती. त्या दफनभूमीत फिरलं की एकाच तारखेच्या कबरी एकापाठोपाठ एक दिसतात. अशा दिवशी वर्गणीच्या वहीची खरी किंमत कळते.

तिसरी गोष्ट जमीन. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं कुणालाही १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कात मिळू शकत होती. अट अशी: त्या जमिनीवर राहायचं, ती कसायची, आणि पाच वर्षं तिथं काढायची. मग पक्की सनद. नेब्रास्काच्या सलाइन परगण्यात आणि इतरत्र हजारो चेक कुटुंबांनी याच रस्त्यानं बस्तान बसवलं. ही जमीन मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, हे इथं सांगितलंच पाहिजे. पॉनी आणि ओटो लोकांची ती होती.

‘कुणालाही’ या शब्दातही एक पाचर होती. अर्जदार नागरिक असावा, किंवा नागरिक होण्याचा इरादा त्यानं नोंदवलेला असावा. आणि १७९० पासून नागरिकत्व फक्त ‘गोऱ्या’ परदेशस्थांनाच मिळू शकत होतं; १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, आशियाई तसेच बाहेर राहिले. म्हणजे १८७१ साली एखादा मंगोल पशुपालक, ज्याला माळरानावर जगण्याची विद्या बोहेमियातल्या कुणाहीपेक्षा अधिक अवगत होती, तो नेब्रास्कात पोचला असता तरी त्याला एक एकरही मिळाला नसता. भारतीय वाचकांना हे नवं नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या अमेरिकेतल्या पंजाबी शीख गृहस्थांना याच कायद्याच्या आधारे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं नागरिकत्व नाकारलं होतं.

चेक लोकांसाठीही दार पुढे अरुंद झालंच. १९२४ च्या कायद्यानं सगळ्या चेकोस्लोव्हाकियाला वर्षाकाठी जेमतेम ३,०७३ जागा ठेवल्या. पण तोवर आधी आलेल्यांच्या शिड्या भिंतीला लागलेल्या होत्या. बोहेमियात जन्मलेला, लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला आणि हातगाडीवर जळण विकलेला अँटन चेर्माक १९३१ मध्ये शिकागोचा महापौर झाला.

न्यू जर्सीतलं बौद्ध मंदिर

अमेरिकेत मंगोल वंशाचा पहिला मोठा गट आला तो मंगोलियातून नव्हे, युरोपातून. व्होल्गा नदीच्या काठचे काल्मिक. बोली मंगोल कुळातली, धर्म तिबेटी वळणाचा बौद्ध. रशियन यादवीत यातले बरेच जण बोल्शेविकांच्या विरोधात ‘श्वेत’ सैन्याच्या बाजूनं लढले आणि १९२० मध्ये हरल्यावर परागंदा झाले. त्यातले काही विद्यार्थी आणि लेखक प्रागमध्ये पोचले. नव्या चेकोस्लोव्हाक सरकारनं रशियातून आलेल्या निर्वासितांना शिक्षणासाठी मदत दिली, आणि प्रागमध्ये काल्मिकांची सांस्कृतिक समिती उभी राहिली, त्यांच्या भाषेत मजकूर छापला गेला. आपल्या दोन समाजांची ही पहिली खरी गाठ. स्वतःचं राज्य जेमतेम दोन-चार वर्षांचं असताना चेक लोकांनी हे केलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर काल्मिक कुटुंबं जर्मनीतल्या छावण्यांत अडकली. आशियाई म्हणून त्यांना कुणी घेईना. १९५१ मध्ये अमेरिकेत प्रकरण थेट ॲटर्नी जनरलपर्यंत, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यापर्यंत गेलं: हे लोक ‘गोरे’ आहेत की नाहीत? पिढ्यान्‌पिढ्या युरोपात राहिलेले आहेत म्हणून ते पात्र, असा निर्णय झाला. मग पाच-सहाशे माणसं न्यू जर्सीत हॉवेलच्या आसपास आणि फिलाडेल्फियात येऊन राहिली. १९५२ मध्येच त्यांनी हॉवेलला छोटं मंदिर उभारलं. घर नीट लागायच्या आधी मंदिर. शिकागोच्या चेकांनी स्मशान केलं, यांनी मंदिर केलं; परक्या मातीत माणूस आधी जन्म-मरणाची सोय बघतो.

पदवी हातात, झाडूही हातात

आजचे मंगोल स्थलांतरित मात्र १९९० नंतरचे. त्याआधी मंगोलिया जवळपास सत्तर वर्षं सोव्हिएत छत्राखाली होता. अमेरिकेशी राजनैतिक संबंधच १९८७ मध्ये जुळले. १९९० मध्ये लोकशाही आली, सोव्हिएत मदत एकाएकी आटली, कारखाने बंद पडले. भरीस भर झुद आला. आधी कोरडा उन्हाळा, मग असा हिवाळा की बर्फाचा थर फोडून गुरांना गवतापर्यंत तोंड नेता येत नाही. जनावर उभ्या उभ्या उपाशी मरतं. १९९९ ते २००२ या लागोपाठच्या हिवाळ्यांत एक कोटीहून अधिक जनावरं गेली, २००९-१० मध्ये पुन्हा ८० लाखांहून अधिक. कळप गेला की पशुपालकाकडे विकायलाही काही उरत नाही. तो आपला गेर, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, उचलतो आणि राजधानी उलानबातरच्या कडेला नेऊन ठोकतो. आज देशाची जवळपास निम्मी लोकसंख्या त्या एका शहरात आहे.

पण परदेशी जाणारा बहुधा हा पशुपालक नसतो. तिकीट, व्हिसा, दलाल, यांना पैसा लागतो. जातात ते शहरातले, शिकलेले. मंगोलियात साक्षरता जवळपास पूर्ण आहे, आणि आपल्याला नवल वाटेल, पण उच्च शिक्षणात तिथं मुली मुलांच्या पुढे आहेत. घरचे म्हणतात, मुलगा गुरं सांभाळेल, मुलगी शिकू दे.

समजा, उलानबातरच्या शाळेत गणित शिकवणारी एक बाई आहे. पगार घरभाड्यालाही पुरत नाही. ती विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला येते, कारण तिथं आधीच मंगोल वस्ती आहे, जशी ओकलंडला, डेन्व्हरला, शिकागोला आहे. व्हिसा टिकवायचा तर इंग्रजीच्या वर्गाची फी भरत राहायची. फी भरायची तर कमवायला हवं. आणि विद्यार्थी व्हिसावर बाहेर काम करायला जवळजवळ बंदी. मग उरतं काय? कुणाचं तरी घर पुसणं, म्हातारी माणसं सांभाळणं, रोख पैशावर, पावतीशिवाय. मजुरी बुडवली तर तक्रार कुठे करणार? गणिताची बाई झाडू मारते, यात तिच्या कर्तृत्वाचा प्रश्न येतच नाही; तिला ज्या दारातून आत घेतलं त्या दारावरच तसं लिहिलेलं आहे. सेडलेत्सची सिगारवाली निदान आपलं कसब विकू शकत होती.

यातून काही जण वाट काढतातच. कुणाला ग्रीन कार्डाच्या सोडतीत नंबर लागतो, कुणी आश्रय मागतो, कुणी लग्न करतो. कागद हाती आला की चित्र झपाट्यानं पालटतं. पुरुष ट्रक चालवायला लागतात. शिकागोत तर मंगोल मालकांच्या मालवाहतूक कंपन्याही आहेत. जुलैत नादामच्या सणाची कुस्ती होते, त्सागान सारला, म्हणजे मंगोल नववर्षाला, घरोघर मोमोसारखे बूझ उकडतात, रविवारी मुलांना मंगोल अक्षरं शिकवायला वर्ग भरतात. काम कुठे, खोली कुठे, वकील कोणता, हे सगळं फेसबुकच्या मंगोल गटांवर. ‘स्वोर्नोस्त’चं काम आज तिथं चालतं. मात्र वर्गणीच्या वहीसारखं, पतपेढीसारखं काही त्या प्रमाणात उभं राहिलेलं नाही, आणि मला ही खरी उणीव वाटते. २७ हजार माणसं अवाढव्य देशात विखुरलेली, त्यात अनेकांचे कागद कच्चे. आपलं नाव वहीत लिहायला माणूस कचरतो.

रांग उलटी फिरते

आता प्रागला परत येऊ, कारण इथं चेक लोक यजमान आहेत आणि मंगोल पाहुणे.

हे नातं जुनं. १९५० मध्ये दोन्ही देशांचे संबंध जुळले आणि समाजवादी काळात सरकारी करारांनुसार मंगोल विद्यार्थी-कामगार चेकोस्लोव्हाकियात शिकायला येत. आजही उलानबातरमध्ये चेक बोलणारी वयस्कर माणसं भेटतात. १९८९ नंतर ते करार संपले, पण वाट माहीत झालेली होती. २००० नंतर चेक कारखान्यांना हात कमी पडू लागले आणि मंगोल कामगार पुन्हा येऊ लागले. शिवणकाम, कातडी, मोटारींचे सुटे भाग, खाटीकखाने. शिवणकामामुळे यात बायका निम्म्याहून जास्त. पुन्हा तेच: बाई आधी, घर मागून.

मधे दलाल. उलानबातरमध्ये एक, चेक गावात दुसरा. कर्ज काढून दलाली भरायची, आणि पोचल्यावर बहुतेकांची नोकरी कारखान्याची नसते, मजूर पुरवणाऱ्या एजन्सीची असते. आपल्या भाषेत, ठेकेदाराचा माणूस. राहायला एजन्सीचंच वसतिगृह, भाडं पगारातून कापून. न्यूयॉर्कचा सिगार कारखानदार आठवला? नोकरी गेली की त्याच दिवशी खाट गेली. इथं तर आणखी एक गाठ वर: नोकरी गेली की व्हिसाही धोक्यात.

२००८ च्या मंदीत नेमकं हेच झालं. एजन्सीची माणसं सगळ्यांत आधी काढली गेली. त्या वर्षाअखेरीस चेक प्रजासत्ताकात साडेआठ हजारांच्या आसपास मंगोल होते. वर्षभरात ते सहा हजारांच्या खाली आले. फेब्रुवारी २००९ पासून सरकारनं योजना आणली: स्वखुशीनं परत जा, विमानाचं तिकीट आम्ही काढतो, वर प्रौढाला ५०० युरो आणि लहान मुलाला २५०. ही योजना वापरणाऱ्यांत सर्वाधिक मंगोलच होते. पाचशे युरोत दलालाचं कर्जही फिटत नव्हतं.

आता नियम थोडे बदललेत. सध्याच्या नोकरदार कार्डावर, म्हणजे काम आणि वास्तव्य यांच्या एकत्र परवान्यावर, काम सुटलं तर नवं शोधायला ६० दिवस मिळतात. पुण्या-नागपुरातून अमेरिकेला एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या घरांना ‘साठ दिवस’ म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. तिथंही नेमके तेवढेच मिळतात. २०२२-२३ च्या नोकरकपातीत कॅलेंडरवर फुल्या मारत काढलेले ते दिवस अनेक मराठी घरांनी पाहिलेत. फरक इतकाच की आपल्या इंजिनियरच्या गाठीला बचत असते. ब्लान्स्कोसारख्या मोराव्हियातल्या लहान गावात कारखान्याच्या पाळीवर उभ्या असलेल्या बाईजवळ ती नसते.

आजारपणाचंही तेच. नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाला चेक सार्वजनिक आरोग्य विमा लागू होता, पण कितीतरी वर्षं त्याच्या मुलांना नव्हता. त्यांच्यासाठी खासगी विमा घ्यावा लागे, आणि जन्मतः काही व्यंग असलेलं बाळ झालं तर आईबाप कर्जात बुडत. मुलांपुरता हा नियम अलीकडे सुधारला.

आणि आता मूळ मुद्दा. चेक प्रजासत्ताकात कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळवायला साधारणपणे सलग पाच वर्षं देशात राहावं लागतं, शिवाय चेक भाषेची परीक्षा. नेब्रास्कातल्या चेक शेतकऱ्यालाही पाचच वर्षं काढायची होती. मुदत तीच. पण तिथं घड्याळ त्याच्या स्वतःच्या ताब्यात होतं. टोळधाड आली, पीक बुडालं, तरी तो जमिनीवर टिकून होता तोवर वर्षं मोजली जात होती. कुठला मालक त्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणू शकत नव्हता. ब्लान्स्कोतल्या बाईचं घड्याळ तिच्या मालकाच्या खिशात आहे. चौथ्या वर्षी कारखान्याची मागणी घटली, साठ दिवसांत दुसरा मालक मिळाला नाही, की काटे पुन्हा शून्यावर. २००९ मध्ये ५०० युरो घेऊन विमानात बसलेल्यांनी तिकिटाच्या बदल्यात आपली मोजलेली वर्षं परत केली होती.

म्हणून मला कुणी विचारलं की या दोन समाजांत खरा फरक कोणता, तर मी वंश, धर्म, कष्टाळूपणा यांतलं काहीच सांगणार नाही. मी विचारेन: त्यांना आत घेताना कुठला कागद दिला, आणि तो कागद रद्द करण्याचा अधिकार कुणाकडे ठेवला?

ज्यांची पाच वर्षं पुरी झाली, त्यांचं काय होतं तेही पाहता येतं. कायम वास्तव्य मिळालं की एजन्सी सोडता येते, दुकान टाकता येतं, बँक कर्जाचा अर्ज हातात घेते. मुलं चेक शाळेत जातात आणि घरी येऊन आईचं चेक व्याकरण सुधारतात. तिकडे टेक्सासमध्ये मोराव्हियातून गेलेला कोलाचे हा गोड पाव आजही बेकऱ्यांत मिळतो, पण तो भाजणाऱ्याला पणजीची भाषा बहुधा येत नाही. ब्लान्स्कोच्या मुलांना अजून येते. रविवारी आजी उलानबातरहून व्हिडिओ कॉल लावते, तेव्हा आई चुलीपाशी असते आणि फोन मुलीच्या हातात. ती आजीशी मंगोलमध्ये बोलते, मध्येच भावावर चेकमध्ये ओरडते.